मोबाईलचे रेडिएशन तपासायचे तर आधी फोन, मग घर, शेवटी टॉवर

गोव्यातल्या गावात मोबाईलचा टॉवर उभा राहणार म्हटले की ग्रामसभा तापते, अर्ज लिहिले जातात, कोणी तरी रेडिएशन मोजायचा ऑनलाइन मागवलेला मीटर घेऊन येतो आणि त्यावरचा लाल दिवा सगळ्यांना दाखवतो. त्याच सभेत निम्म्या लोकांच्या कानाला फोन असतो, खिशात हॉटस्पॉट चालू असतो. चूक काळजी करण्यात नाही, क्रमात आहे. डोक्याला आणि अंगाला मिळणाऱ्या रेडिओ लहरींचा मोठा वाटा बहुतेकांच्या बाबतीत स्वतःच्या फोनमधून येतो, कारण तो अंगाला चिकटून असतो. म्हणून तपासणी फोनपासून सुरू करायची आणि टॉवरपाशी संपवायची. उलट केले की पैसे जातात आणि हाती काहीच लागत नाही.

## तयारी

फोन, त्याचे खोके किंवा बिल, वही-पेन आणि घराचा हाताने काढलेला ढोबळ नकाशा एवढे पुरे. मीटर विकत घेऊ नका. का, ते टप्पा ६ मध्ये येईल. अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा आणि फोनची बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, कारण बॅटरी सेव्हर चालू झाला की काही फोन ५जी बंद करतात आणि नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

## टप्पा १ : फोन अस्सल आहे का

बनावट फोनवर लिहिलेल्या कोणत्याही सुरक्षा आकड्याला अर्थ नसतो. म्हणून हे पहिले.

१. डायलरवर *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमच्या फोनमध्ये दोन दिसतील.
२. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.
३. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच तपासणी होते.
४. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येते. ते हातातल्या फोनशी जुळले पाहिजे.

इशारा : जुना फोन घेत असाल तर ही तपासणी पैसे देण्याआधी, दुकानात उभे राहूनच करा. क्रमांक ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले तर व्यवहार तिथेच थांबवा.

## टप्पा २ : एसएआर वाचा, पण नीट

एसएआर म्हणजे शरीराच्या एक किलो ऊतीत दर सेकंदाला किती ऊर्जा शोषली जाते त्याचे माप. एकक वॅट प्रति किलोग्रॅम. भारतात हँडसेटसाठी मर्यादा १.६ वॅट प्रति किलोग्रॅम, १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. नव्या मॉडेलना ती १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झाली.

आकडा शोधायला *#०७# दाबा. काही फोन थेट आकडे दाखवतात, काही कंपनीच्या पानावर नेतात. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, लीगल अँड रेग्युलेटरी या वाटेने जा. काहीच मिळाले नाही तर खोक्यातली पुस्तिका उघडा. आपल्याकडे ती सहसा प्लास्टिकमधून बाहेरही निघालेली नसते.

वहीत चार गोष्टी लिहा : डोक्याचा आकडा, शरीराचा आकडा, सरासरी १ ग्रॅमवर की १० ग्रॅमवर, आणि शरीराची चाचणी किती अंतरावरून घेतली. चुका होतात त्या शेवटच्या दोन गोष्टींत.

चूक १ : दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडणे. युरोपात मर्यादा २ वॅट प्रति किलोग्रॅम आहे, पण ती १० ग्रॅमवरची सरासरी आहे. मोठ्या तुकड्यावर सरासरी काढली की एखादा तापलेला ठिपका पसरून जातो आणि आकडा कमी दिसतो. त्यामुळे परदेशातून आणलेल्या फोनचा ०.९ आणि इथे घेतलेल्या फोनचा १.१ यांची तुलनाच होत नाही. आखातातून किंवा पोर्तुगालहून आलेला फोन घरात असेल तर त्याचा १ ग्रॅमचाच आकडा शोधा.

चूक २ : अंतर न पाहणे. शरीराची चाचणी फोन अंगाला टेकवून होतेच असे नाही. ५, १० किंवा १५ मिलिमीटर अंतर ठेवून घेतलेले आकडे पुस्तिकांत सापडतात. जीन्सच्या खिशात एवढे अंतर राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या एएनएफआर या नियामक संस्थेने आयफोन १२ ची विक्री थांबवली, ती नेमकी टेकवून घेतलेल्या चाचणीवरून. हातापायांसाठीची मर्यादा ४ असताना मोजणीत ५.७४ आले होते. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट देऊन ते दुरुस्त केले. म्हणून अपडेट टाळू नका. फोनची प्रसारण शक्ती सॉफ्टवेअरच्या हातात असते.

चूक ३ : कमी एसएआरचा फोन म्हणजे कमी रेडिएशन, असे धरून चालणे. हा आकडा फोनने पूर्ण ताकद लावली असतानाचा, प्रयोगशाळेत द्रवाने भरलेल्या कृत्रिम डोक्याजवळ मोजलेला असतो. रोजच्या वापरात फोन किती ताकद लावतो हे सिग्नल ठरवतो. चांगल्या सिग्नलमधला १.२ चा फोन खराब सिग्नलमधल्या ०.६ च्या फोनपेक्षा डोक्याला कितीतरी कमी देतो. मर्यादेच्या आत असलेल्या दोन फोनांतून निवड करताना एसएआरवर फार वेळ घालवू नका. तो वेळ पुढच्या टप्प्याला द्या.

## टप्पा ३ : घराचा सिग्नल-नकाशा

लोक हाच टप्पा गाळतात आणि फायदा सर्वांत जास्त इथेच आहे.

समोरचा लांब गेला की माणूस आवाज चढवतो, फोनचेही तसेच आहे. टॉवरपर्यंत पोचायला जेवढी ताकद लागते तेवढीच तो लावतो. ४जी फोनची कमाल साधारण २०० मिलिवॅट. सिग्नल चांगला असेल तर तोच फोन एखाद्या मिलिवॅटवर किंवा त्याहूनही कमी ताकदीवर काम भागवतो. सिग्नलमध्ये १० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, २० डेसिबल म्हणजे शंभरपट.

गोव्यातल्या घरांत हा फरक सहज पडतो. जुन्या घराच्या दीड-दोन फूट जाड चिऱ्याच्या भिंती, वर सलग छप्पर, मध्ये आतली काळोखी खोली. बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) आणि त्या खोलीत २० डेसिबलचा फरक असणे नवलाचे नाही. सत्तरी, सांगे, काणकोणात डोंगराआडची घरे आणि दरीतली कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत. पावसात झाडोरा आणि भिंती भिजल्या की सिग्नल आणखी खाली जातो. तेव्हा मोजणी एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा भर पावसात करा.

१. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, सिग्नल स्ट्रेंथ इथे जा. उणे चिन्हासह डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, आकडा दिसेल. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* दाबून फील्ड टेस्ट उघडा.
२. वाय-फाय बंद करा.
३. प्रत्येक खोलीत, रोज जिथे बसून बोलता त्याच जागी, अर्धा मिनिट थांबा. आकडा हलत राहतो. मधला लिहा.
४. आकड्याशेजारी २जी, ४जी की ५जी तेही लिहा.
५. बाल्कांव, खिडकी, गच्ची आणि परसूही सोडू नका.

४जीसाठी ढोबळ वाचन असे :

- उणे ९० किंवा त्याहून चांगले : इथे बिनधास्त बोला.
- उणे ९० ते उणे १०५ : चालेल.
- उणे १०५ च्या खाली : इथे फोन कानाला लावून लांब बोलू नका.
- उणे १२० च्या आसपास : इथे फोन जवळजवळ पूर्ण ताकदीवर असतो आणि कॉलही तुटतो.

तपासा : उणे ११५ हा उणे ९५ पेक्षा वाईट. उणे चिन्हामुळे बरेच जण उलटे वाचतात. शिवाय २जी आणि ४जीचे आकडे एका मापाचे नाहीत, त्यांची आपसात तुलना करू नका.

तपासा : वरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्हींचा नकाशा काढा. वाडा बदलला की कंपनीचा जोर बदलतो. ज्याचा आकडा घरात चांगला तेच सिम कॉलसाठी निवडा.

## टप्पा ४ : सवयी, परिणामाच्या उतरत्या क्रमाने

४.१ बोलायची जागा बदला. नकाशात सर्वांत चांगला आकडा आला तिथे लांबचे कॉल घ्या. खर्च शून्य.

४.२ फोन कानापासून दूर न्या. स्पीकर किंवा वायरचे इअरफोन. एक-दोन वीत अंतरानेही डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा एकदम खाली येते. ब्लूटूथही चालेल. त्याच्या नेहमीच्या वर्गाची कमाल २.५ मिलिवॅट आहे. पण इअरफोन लावून फोन शर्टाच्या खिशात ठेवलात तर फक्त जागा बदलली, बाकी काही नाही.

४.३ व्होल्टे (४जीवरून कॉल) आणि वाय-फाय कॉलिंग (वाय-फायवरून कॉल) चालू करा. २जी कॉलमध्ये फोनची शिखर शक्ती ९०० मेगाहर्ट्झला २ वॅट असते. तो आठातला एकच वेळखंड वापरतो म्हणून सरासरी पाव वॅट पडते, आणि २जी ताकद तितक्या चटकन कमीही करत नाही. व्होल्टे बंद असलेला फोन कॉल लागला की २जीवर घसरू शकतो. घरात ब्रॉडबँड असेल आणि आतल्या खोलीत सिग्नल नसेल तर वाय-फाय कॉलिंग हा सर्वांत सरळ उपाय.

इशारा : सिग्नल खराब म्हणून फोन विमान मोडवर टाकून फक्त वाय-फायवर ठेवत असाल तर एक लक्षात घ्या. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मुका होतो. घरात आजारी माणूस असेल तर हे करू नका. ११२ लागला पाहिजे.

४.४ अपलोड कुठून करता ते पाहा. व्हिडिओ पाहताना मुख्यतः टॉवर बोलतो, फोन ऐकतो. व्हिडिओ पाठवताना, लाइव्ह करताना, हॉटस्पॉटवर लॅपटॉपवरून फाइल चढवताना फोन सतत बोलतो. चवथीला आतल्या खोलीतून आरतीचे लाइव्ह चालते, फोन मांडीवर आणि सिग्नल उणे ११५. नको ती प्रत्येक गोष्ट तिथे एकत्र येते. फोन स्टँडवर ठेवा, शक्य तर वाय-फायवर. हॉटस्पॉट चालू असलेला फोन टेबलावर राहू द्या, उशीखाली नाही.

४.५ प्रवासात लांब बोलू नका. कदंबची बस असो वा गाडी, पत्र्याच्या डब्यात सिग्नल कमी होतो आणि टॉवर सतत बदलत राहतात. चोर्ला किंवा अनमोड घाटात कॉल तुटत असेल तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका.

४.६ पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. म्हणजे शर्टाचा वरचा खिसा बाद, आणि कान पेसमेकरच्या उलट बाजूचा. पाठीला चुंबक असलेल्या फोनांच्या बाबतीत हे जास्त कटाक्षाने पाळा आणि वायरलेस चार्जिंगवर असताना अंतर ३० सेंटिमीटर करा.

हे विकत घेऊ नका : रेडिएशन शोषणारे स्टिकर, चिप, सोनेरी पट्ट्या. ते काही करत नसतील तर पैसे वाया. आणि खरोखरच लहरी अडवत असतील तर फोनचा सिग्नल पडतो आणि तो ताकद वाढवतो, म्हणजे उलटाच परिणाम. धातूच्या जाड कव्हरचेही तेच.

## टप्पा ५ : आता टॉवर, पण आधी डोळ्यांनी

दूरसंचार विभागाचा तरंग संचार पोर्टल उघडा, नकाशावर आपली जागा शोधा. आसपासचे टॉवर, त्यांवरच्या कंपन्या आणि ते मर्यादेच्या आत आहेत की नाही याची नोंद दिसते. ती लिहून घ्या. मग बाहेर जाऊन टॉवरकडे पाहा.

घाबरायचे ते लोखंडाच्या सांगाड्याला नाही. उभ्या, पांढुरक्या, लांबट पट्ट्या दिसतात त्या अँटेना. त्यांचा मुख्य झोत समोर जातो आणि उभ्या दिशेत तो अरुंद असतो. ३० मीटर उंचीवरची अँटेना ६ अंश खाली झुकवली तर झोताचा मध्य जमिनीला लागतो तो जवळपास २८५ मीटरवर. टॉवरच्या बुंध्याशी राहणाऱ्या घराला त्यामुळे सहसा झोतातल्या घरापेक्षा कमी मिळते, आणि भांडण मात्र त्याच घरातून सुरू होते.

आपल्या भागात खरी पाहायची जागा वेगळी आहे. गोव्याची वस्ती डोंगरउताराला धरून आहे. टॉवर खाली रस्त्याकडेला आणि घर वर उतारावर, अगदी अँटेनाच्या उंचीला, अशी जोडी फोंड्याकडे किंवा पणजीच्या आल्तिनो परिसरासारख्या चढउताराच्या जागी जमू शकते. शहरात इमारतीच्या गच्चीवर खांब आणि समोरच्या इमारतीचा वरचा मजला त्याच उंचीला, हा दुसरा प्रकार. अँटेनाच्या समोर, तिच्या उंचीच्या इमारतीपर्यंतचे अंतर २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका अँटेनासाठी २० मीटर, दोन असतील तर ३५ मीटर. हे अंतर अँटेनाच्या समोरचे आहे, पाठीमागचे किंवा खालचे नव्हे.

तपासा : खिडकीत उभे राहिल्यावर पट्टीचा चपटा दर्शनी भाग तुमच्याकडे तोंड करून, साधारण डोळ्यांच्या रेषेत आणि ५० मीटरच्या आत दिसतो का? नसेल तर मोजणीवर पैसे घालवण्याआधी पुन्हा विचार करा. असेल तर पुढे जा.

## टप्पा ६ : आकड्यांची भाषा

१ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरसाठी आयसीएनआयआरपी या रेडिएशन-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. त्या नियमाने, लहरींच्या वारंवारतेच्या प्रत्येक पट्ट्यासाठी :

- ७०० मेगाहर्ट्झ : ०.३५ वॅट प्रति चौरस मीटर
- ९०० मेगाहर्ट्झ : ०.४५
- १८०० मेगाहर्ट्झ : ०.९
- २००० मेगाहर्ट्झच्या वर, ५जीचा ३३०० चा पट्टाही त्यात : १

हातात अहवाल आला की त्यावर छापलेली मर्यादा आणि तारीख आधी वाचा. नियम बदलतात. जुन्या कात्रणातला आकडा घेऊन वाद घालू नका.

सर्वांत जास्त घोळ एककांत होतो. १ वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १००० मिलिवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजेच १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. मीटरवर ४५ दिसले म्हणून गावभर बोंब होते. एकक मिलिवॅट प्रति चौरस मीटर असेल तर ते ०.०४५, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेचा दहावा हिस्सा. मीटर व्होल्ट प्रति मीटर दाखवत असेल तर आकड्याचा वर्ग करून ३७७ ने भागा : ६ व्होल्ट प्रति मीटर म्हणजे ३६ भागिले ३७७, सुमारे ०.०९५ वॅट प्रति चौरस मीटर.

अनेक पट्टे एकाच वेळी चालू असतात. तेव्हा प्रत्येकाची त्याच्या मर्यादेशी टक्केवारी काढून बेरीज करायची. ९०० मध्ये १० टक्के, १८०० मध्ये २० आणि २३०० मध्ये ३० आले तर एकूण ६० टक्के. बेरीज १०० च्या आत हवी.

स्वस्त मीटर इथेच कमी पडतो. कोणता पट्टा किती, हे तो वेगळे करत नाही. त्यामुळे कोणती मर्यादा लावायची तेच कळत नाही. एकाच दिशेने धरला की दुसऱ्या दिशेचे सुटते. तो क्षणाचे शिखर दाखवतो, तर मानक मिनिटांच्या सरासरीवर आहे. आणि धरणाऱ्याच्या खिशातल्या फोननेच तो बहुधा लाल होतो.

अंतराचा अंदाज मात्र घरबसल्या काढता येतो. अँटेनाच्या प्रभावी शक्तीला (झोताच्या दिशेने ती जेवढ्या ताकदीची भासते ती) १२.५७ गुणिले अंतराचा वर्ग याने भागा. प्रभावी शक्ती १००० वॅट धरली तर मुख्य झोतात, मध्ये काही आडवे नसताना, ५० मीटरवर ०.०३ आणि १० मीटरवर ०.८ वॅट प्रति चौरस मीटर. अंतर पाचपट कमी, आकडा पंचवीसपट जास्त.

## टप्पा ७ : मोजणी आणि अर्ज

१. तरंग संचारवर मोबाईल क्रमांक देऊन नोंदणी करा, जागा निवडा आणि मोजणीची मागणी नोंदवा. २०१७ मध्ये पोर्टल सुरू झाला तेव्हा शुल्क ४००० रुपये होते. भरताना पडद्यावर दिसेल ते खरे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून भरले तर भार हलका होतो.
२. मोजणी कुठे हवी ते नेमके सांगा : अँटेनासमोरची खिडकी, तिची बाल्कनी, वरची गच्ची. दिवाणखान्याच्या मधोमध नको.
३. पथक येईल तेव्हा घरातले सगळे फोन विमान मोडवर, वाय-फाय बंद.
४. गोवा दूरसंचारच्या महाराष्ट्र परवाना क्षेत्रात येतो. पत्रव्यवहारात ते लिहा, नाहीतर कागद फिरत राहतो.
५. कंपन्यांना टॉवर मर्यादेत असल्याचे स्वप्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची प्रत माहिती अधिकारात दूरसंचार विभागाकडे मागा, पंचायतीकडे नव्हे. पंचायतीकडे बांधकाम परवान्याचे आणि ना हरकत दाखल्याचे कागद मिळतील.
६. अहवाल मर्यादेबाहेर आला तर तो जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दूरसंचार समितीकडे अर्ज करा.

इशारा : अर्जात “टॉवरमुळे कॅन्सर होतो” असे लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरी २बी म्हणजे ‘शक्यता’ असलेल्या गटात घातल्या, पण त्यामागचा पुरावा मुख्यतः फोनच्या वापराचा होता, टॉवरशेजारी राहण्याचा नव्हे. तपासता येईल तेच लिहा : अँटेनाची दिशा, खिडकीपर्यंतचे अंतर, उंची, फोटो, तारीख. असा अर्ज बाजूला सारणे अवघड जाते.

आणि टॉवर हटवायची मागणी करण्याआधी टप्पा ३ ची वही उघडा. तो टॉवर गेला तर घरातला उणे ८५ उणे ११० होऊ शकतो, म्हणजे कानावरचा फोन तीनशेपटीच्या आसपास ताकद लावणार. अँटेनाची दिशा, झुकाव किंवा उंची बदलून मागणे बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचे असते.

## गच्चीवर चढणाऱ्यांसाठी

मर्यादा खरोखर ओलांडली जाते ती इथे, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. मे महिन्यात पावसाआधीची कामे निघतात : पत्रे बसवणे, वॉटरप्रूफिंग, टाकी धुणे, रंग. कामगार अँटेनाच्या पट्टीसमोर हातभर अंतरावर तासन्‌तास उभा राहतो. वरच्याच हिशेबाने ३ मीटरवरसुद्धा आकडा ८.८ वॅट प्रति चौरस मीटर येतो, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या १ च्या जवळपास नऊपट.

१. काम ठरले की खांबाजवळच्या फलकावरचा टॉवर कंपनीचा क्रमांक आणि साइट आयडी टिपा.
२. काही दिवस आधी लेखी कळवून त्या दिशेचा सेक्टर (त्या बाजूला तोंड असलेल्या अँटेना) कामाच्या वेळेपुरता बंद करायला सांगा. बंद केल्याचे उत्तर आल्याशिवाय माणूस पट्टीसमोर पाठवू नका.
३. उत्तर येईपर्यंत पट्टीच्या मागच्या बाजूची कामे उरका. समोरून जावेच लागले तर वाकून खालून जा, थांबू नका.
४. फलक नसेल किंवा गच्चीच्या दाराला कुलूप नसेल तर सोसायटीने ते कंपनीकडून लेखी मागून घ्यावे. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अँटेनासमोर बांधलेल्या असतील तर त्या आजच हलवा.